रिव्हेट फोडणाऱ्यांच्या बाजूने

गाडी कार्डावरून काढली की तिची किंमत गेली, आणि तळाचा रिव्हेट ड्रिल केला की गाडीच गेली. डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या खेळण्यातल्या गाड्या जमवणाऱ्यांच्या कुठल्याही बैठकीत हे ऐकायला मिळते, आणि ऐकणारे माना डोलावतात. दीडशे-दोनशे रुपयांची गाडी विकत घेऊन, तिचा तळ उघडून, रंग उतरवून, चाके बदलून, प्रसंगी छप्पर कापून जो माणूस तिची वेगळीच गाडी करतो, त्याला या मंडळींच्या लेखी संग्राहकांत जागा नाही. तो नासधूस करणारा. जरा सौम्य बोलणारे म्हणतात, हौस म्हणून ठीक आहे, पण यात निर्मिती कुठे आहे? साचा कंपनीचा, ओतकाम कंपनीचे, तुम्ही रंग बदलला इतकेच. मला हे दोन्ही आक्षेप साफ नामंजूर आहेत. त्यांच्यामुळे आपल्याकडची चांगल्या हाताची कितीतरी पोरे आपले काम लपवून ठेवतात, आणि याचाच मला राग आहे.

आधी त्या रिव्हेटचेच पाहू. लहान डायकास्ट गाडीच्या ओतीव अंगाला आतून बहुधा दोन खुंट असतात, एक पुढे आणि एक मागे. ते अंगाबरोबरच साच्यातून निघतात. त्यांवर काच, सीटचा तुकडा आणि तळ बसवला की तळाबाहेर आलेले खुंटाचे टोक यंत्राने चेपून पसरट करतात. झाला रिव्हेट. कारखान्याने ही जोडणी निवडली कारण ती झटपट होते आणि स्वस्त पडते. तिच्यात पावित्र्य कसले? कस्टम करणारा पंचने मध्य धरतो, जाड बिटाने ते चेपलेले डोके तेवढे खरवडून काढतो आणि खुंट शाबूत ठेवतो. मग खुंटात १.६ मिलिमीटरचे भोक घेऊन २ मिलिमीटरच्या स्क्रूचे आटे पाडतो. आता ती गाडी हवी तेव्हा उघडते आणि हवी तेव्हा बंद होते. आतली धुरकटलेली काच पुसता येते, वाकलेला अ‍ॅक्सल बदलता येतो. एकदा जोडून कायमची मिटवलेली वस्तू दुरुस्तीजोगी झाली. हा विध्वंस असेल तर घड्याळजी मागचे झाकण उघडतो तोही विध्वंसच म्हणायला हवा.

आता ज्या परंपरेचा हवाला देऊन हे लोक आम्हाला दरडावतात, ती परंपरा तपासू. हॉट व्हील्सच्या गाड्या १९६८ मध्ये आल्या. मॅटेल कंपनीचे इलियट हँडलर यांनी त्यासाठी जनरल मोटर्समध्ये काम केलेल्या हॅरी ब्रॅडली या डिझायनरला बोलावले. पहिल्या वर्षी १६ गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या १० गाड्यांच्या नावातच ‘कस्टम’ हा शब्द होता: कस्टम कॅमेरो, कस्टम मस्टँग, कस्टम कूगर, कस्टम फोक्सवॅगन वगैरे. म्हणजे शोरूममधून निघालेली गाडी जशीच्या तशी लहान करणे हा त्या खेळण्याचा हेतूच नव्हता. कॅलिफोर्नियातल्या गॅरेजांत माणसे खऱ्या गाड्यांची जी उलथापालथ करत होती, ती तळहातावर आणायची होती. त्याच सोळांतली ‘डिओरा’ घ्या. ती मुळात डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी डॉजच्या एका साध्या पिकअपला कापून, जोडून, ठोकून तयार केलेली एकुलती एक गाडी होती आणि तिचे रेखाटन याच ब्रॅडलींचे होते. ‘बीटनिक बँडिट’ ही एड रॉथ या अवलियाने स्वतःच्या हातांनी घडवलेली गाडी. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हॉट व्हील्सच्या गाडीवर करवत चालवणाऱ्याला परंपरेचा शत्रू म्हणावे, याचे मला खरोखर नवल वाटते. परंपरेत कोण बसतो? दुसऱ्याच्या गॅरेजमधून आलेल्या गाडीला प्लॅस्टिकच्या फुग्यात बंद करून भिंतीला टांगणारा, की गॅरेजमध्ये तेच काम पुढे चालवणारा?

इंग्लंडची गोष्टही वेगळी नाही. मॅचबॉक्सचा उगम सगळे सांगतात, पण त्यातला मुद्दा कोणी घेत नाही. लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे न्यायची मुभा होती, म्हणून त्यांनी तिच्यासाठी पितळेचा एक चिमुकला रोड रोलर घडवला. त्यातून १९५३ मध्ये मॅचबॉक्सची मालिका उभी राहिली. कारखान्यातले उत्पादन नंतर आले, आधी एका माणसाचा हात आणि एका मुलीची हौस होती. तशीच कॉर्गीची ॲस्टन मार्टिन डीबी ५, म्हणजे १९६५ ची ती जेम्स बाँडची सोनेरी गाडी, जिच्या सीटवरचा माणूस छपरातून उडतो. जगातले हे सर्वांत गाजलेले डायकास्ट खेळणे कोऱ्या पाटीवर सुरू झालेले नाही. कॉर्गीकडे आधीपासून डीबी ४ होती. तिच्यातच फेरफार करून नवी गाडी साधली गेली. थोडक्यात, ते एक कन्व्हर्जन होते.

आपल्या देशातला दाखला तर आणखी बोलका आहे. लिव्हरपूलच्या डिंकी टॉईजचे काही जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याला आले. तिथल्या कारखान्याने त्यांतून ‘निकी’ या नावाने गाड्या काढल्या. तळावरचे मूळ नाव घासून काढले, रंग बदलले, धातू तिथला वापरला. आज त्याच निकी गाड्यांना संग्राहक पैसे मोजतात आणि ‘व्हेरिएशन’ म्हणून त्यांच्या नोंदी ठेवतात. कारखान्याने नाव खरवडले तर ते दुर्मीळ व्हेरिएशन, आणि साताऱ्याच्या एखाद्या पोराने कानशीने तेच केले तर विद्रूपीकरण. हा न्याय कोणता?

आता सीलबंद ठेवण्याच्या बाजूने जो मोठा युक्तिवाद केला जातो, त्याकडे येतो: आम्ही जतन करतो. हा शब्द मोठा आहे आणि तो पेलायचा असेल तर धातू समजून घ्यावा लागतो. या गाड्या लोखंडाच्या नसतात आणि निव्वळ ॲल्युमिनियमच्याही नसतात. जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडेसे तांबे व मॅग्नेशियम घालून जो मिश्रधातू होतो, त्याला झामॅक म्हणतात. तो ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणून साच्याला फार झिजवत नाही आणि बारीकसारीक रेघही उचलतो. पण त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली तर धातू कणाकणांच्या सीमेवरून आतून गंजत जातो, फुगतो, तडकतो आणि शेवटी बोटांत चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी डिंकी गाड्या अशाच संपल्या. हा रोग बाहेरून लागत नाही. तो ओतकामाच्या दिवशीच आत शिरलेला असतो. कार्ड, फुगा, काचेचे कपाट, सिलिका जेलच्या पुड्या यांपैकी कशानेही तो थांबत नाही. दमटपणा कमी ठेवला तर वेग कमी होतो इतकेच. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या टायरांतून झिरपणारा द्रव लागून असलेल्या कडक प्लॅस्टिकला खातो, चाक आणि तळ एकमेकांत वितळून बसतात, आणि हे बंद डब्यात छान होते, कारण तिथे गाडीला कोणी हातच लावत नाही. ज्याने गाडी उघडली आहे त्याला हे आधी दिसते. तो टायर बदलतो. गाडी वाचते.

शिवाय जतन कशाचे चालले आहे, हेही विचारले पाहिजे. खेळण्यांच्या दुकानात टांगलेल्या नेहमीच्या मालिकेतल्या गाड्या लाखोंनी छापल्यासारख्या निघतात. त्यांतली एक मी उघडली म्हणून जगातून काय कमी झाले? दुकान उघडायच्या आधी दारात उभे राहणारे, पेटी फुटताच त्यातल्या हव्या त्या सगळ्या गाड्या उचलणारे आणि संध्याकाळी त्याच गाड्या चौपट भावाने विकायला काढणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आईचे बोट धरून आलेल्या मुलासाठी हुकांवर कोणी न घेतलेल्या चार विचित्र गाड्या उरतात. या व्यवहाराला जतन म्हणणे मला शक्य नाही. १९९५ पासून हॉट व्हील्स ‘ट्रेझर हंट’ नावाच्या कमी संख्येच्या गाड्या मुद्दाम पेट्यांत मिसळते. ती टंचाई कंपनीच्या विक्री विभागाने आखलेली आहे. तिच्याभोवती लोकांनी नीतिशास्त्र रचावे आणि त्यातून आम्हाला पापी ठरवावे, हे सहन करण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप, की साचा तुमचा नाही म्हणून काम तुमचे नाही. याला उत्तर द्यायला मला पुण्याजवळच्या दापोडीला जावे लागेल. एसटीची लाल गाडी आपण सगळे आपली मानतो. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस सुटली तेव्हापासून ती महाराष्ट्राची ओळख आहे. पण तिची चॅसी आणि इंजिन टाटा किंवा अशोक लेलँडचे. सांगाडा, पत्रा, खिडक्या, सीट, मागची शिडी हे सगळे वर्षानुवर्षे एसटीच्या दापोडी, औरंगाबाद आणि नागपूरच्या कार्यशाळांत चढवले गेले. दापोडीच्या कामगाराला कोणी म्हणत नाही, की चॅसी तुझी नाही म्हणून बस तुझी नाही. आपल्या रस्त्यांवरचा ट्रकसुद्धा कित्येकदा नुसती चॅसी आणि बॉनेट घेऊन कारखान्याबाहेर पडायचा. उघड्या सीटवर डोक्याला मफलर गुंडाळून बसलेला ड्रायव्हर तो बॉडी बांधणाऱ्याकडे न्यायचा, आणि तिथले सुतार, पत्रेवाले, पेंटर त्याला रूप द्यायचे. आपल्याकडे गाडी ही अशी दोन हातांनी मिळून पुरी होत आली आहे. ओतीव गाडीचे अंग हीसुद्धा एक चॅसी आहे असे समजा, आणि मग पुढचे काम पाहा.

ते काम किती आहे हे आक्षेप घेणाऱ्यांना माहीत नसते, म्हणून एकच उदाहरण नीट सांगतो. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० च्या परवान्यावर ही गाडी बनली. १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. नव्या शतकाच्या तोंडावर तिचे उत्पादन थांबले, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून शेवटची पद्मिनी गेली. एवढी लाखो माणसांनी वापरलेली गाडी. ती धातूच्या लहान रूपात हवी असेल आणि नेमकी हवी असेल, तर दुकानात जाऊन उपयोग नाही. इटालियन फियाट ११०० मात्र १:४३ या प्रमाणात मिळते. हे प्रमाण विचित्र वाटते, पण ते एका फुटाला ७ मिलिमीटर या जुन्या ब्रिटिश रेल्वे मॉडेलच्या हिशेबातून आले आहे. सुमारे ३.९ मीटरची गाडी त्यात ९१ मिलिमीटरच्या आसपास बसते.

आता या इटालियन गाडीला मुंबईकर करायचे. पहिली गोष्ट, मॉडेल कुठल्या पिढीचे आहे? आपण जिला डुक्कर फियाट म्हणायचो त्या आधीच्या गाडीची पुढची दारे मागच्या बाजूने बिजागरलेली, म्हणजे उलटी उघडणारी होती. पद्मिनीची तशी नाहीत. डुक्कर फियाटचे अंग हाती लागले तर बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्या घासून, हँडल दाराच्या दुसऱ्या टोकाला हलवून, जुनी भोके पुटीने बुजवावी लागतात. मागचा भाग तर जवळजवळ नव्याने घडवावा लागतो. नंतरच्या पिढीचे अंग मिळाले तर काम सोपे, पण सोपे म्हणजे पंधरा दिवसांचे. स्टिअरिंग डावीकडे आहे, ते उजवीकडे न्यायचे. नुसते चाक उपटून दुसरीकडे चिकटवले तर डॅशबोर्डवरचे मीटरचे खोके डावीकडेच राहते आणि जाणकार नजरेला ते लगेच खुपते. म्हणून डॅशबोर्डचा तुकडा सोनाराच्या बारीक पात्याच्या करवतीने कापायचा, मीटरचे खोके पलीकडे न्यायचे, ग्लव्ह बॉक्सचे दार इकडे आणायचे आणि सांधा भरून घासायचा. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता, खाली जमिनीवर नव्हता; म्हणून पुढे सलग सीट होती आणि ड्रायव्हरशेजारी माणूस बसू शकायचा. तो गिअरचा दांडा पितळेच्या तारेचा करायचा आणि डाव्या हाताला ठेवायचा. वायपर कोणत्या बाजूला झोपतात ते जुने फोटो पाहून ठरवायचे.

मग मीटर. पद्मिनी टॅक्सीचा यांत्रिक मीटर बाहेर, डाव्या अंगाला पुढच्या काचेच्या खांबाजवळ बसवलेला असायचा, आणि ड्रायव्हर खिडकीतून हात काढून तो पाडायचा. वीस सेंटिमीटरचा डबा ४३ पटीने लहान केला की साडेचार मिलिमीटरच्या जरा वर भरतो. त्या डब्याला निशाणाची पट्टी हवी आणि खाली धरणारी कांब हवी. छपरावर सामानाचा कॅरिअर हवा. तो डाक देऊन करायचा, पण गाडीच्या अंगावर नाही, कारण झामॅकला थेट डाक नीट धरत नाही आणि जास्त उष्णता दिली तर छप्परच बसते. कॅरिअर वेगळा पितळेत बांधायचा आणि भोके पाडून इपॉक्सीने रोवायचा.

आणि रंग. लोक रंगाला शेवटचे सोपे काम समजतात, आणि गाडी तिथेच बिघडते. कारखान्याचा रंग अनेकदा जाड असतो. १:४३ मध्ये ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर ४ मिलिमीटरहून जाड लेप. दाराच्या फटीच तेवढ्या असतात, त्या बुजून जातात. पेंट रिमूव्हर लावून तो थर उतरवला की साच्यात कोरलेल्या, पण आजवर कोणी न पाहिलेल्या रेघा वर येतात: दाराच्या कडेची घडी, दिव्याभोवतीची कड, बॉनेटची धार. ज्या साचेकाराने त्या पोलादात कोरल्या त्याचे काम कारखान्याच्या रंगाने झाकले होते आणि आम्ही ते उघडे केले, हे मी ठामपणे म्हणतो. मूळ वस्तूचा आदर यापेक्षा कसा वेगळा करतात? उघड्या जस्तावर रंग टिकत नाही, म्हणून ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यातून फिरवून धातूवर पकडणारा प्राइमर मारावा लागतो. नंतर काळा. शुद्ध काळा मारला तर एवढ्या लहान गाडीवर तो भोकासारखा दिसतो, कारण दुरून पाहिलेली खरी काळी गाडी थोडी राखाडी दिसत असते. काळ्यात थोडा राखाडी आणि छपराच्या पिवळ्यात थोडा पांढरा घालावा लागतो. किती, हे डोळ्यानेच ठरते. काळ्याची सीमा खिडकीच्या वर कुठे संपते आणि पिवळा कुठे सुरू होतो, हे टॅक्सीगणिक थोडे वेगळे असायचे, म्हणून एक फोटो समोर ठेवून तीच टॅक्सी करायची. नंबरप्लेट आणि परवान्याची अक्षरे पाण्यात सोडून चिकटवायच्या डिकलवर छापायची, त्यावर क्लिअर कोट मारायचा.

हे सगळे झाल्यावर त्या माणसाला सांगा की तू रंग बदललास इतकेच.

थ्रीडी प्रिंटर आल्यापासून आणखी एक सूर लागला आहे: आता हाताने कापाकापी कशाला, फाइल काढा आणि छापा. मी छापील भाग वापरतो. पद्मिनीची जाळी, टॅक्सीचा मीटर, चाकाची कॅप हे रेझिनमध्ये उत्तम निघते आणि त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण छापलेल्या भागावर थरांच्या रेघा असतात आणि त्या घासाव्याच लागतात. कुठे घासायचे आणि कुठे थांबायचे हे यंत्र सांगत नाही, आणि दोन निराळ्या प्रमाणांतले भाग एकत्र आले की डोळ्याला खटकणारी चूक हातानेच काढावी लागते. पूर्ण छापील गाडीला धातूचे वजनही नसते. यंत्र आले म्हणून हाताचे शिक्षण फुकट गेले, असे म्हणणाऱ्याने एकदा स्वतः छापून पाहावे. एवढे पुरे.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मी पूर्ण मान्य करतो आणि त्यावर आपल्याच लोकांनी कठोर व्हावे असे मला वाटते. फसवणूक होते. साध्या गाडीला दुर्मीळ रंग मारून, चाके बदलून, रिव्हेटची नक्कल करून ती मूळ म्हणून विकणारे आहेत. संग्राहकांनी यासाठी एक वर्गवारी केली आहे: कारखान्यातून जशी निघाली तशी गाडी कोड १, कंपनीच्या संमतीने बदललेली कोड २ आणि संमतीशिवाय बदललेली कोड ३. आमचे सगळे काम कोड ३ मध्ये येते. ते लपवू नये. ज्याने काम केले त्याने तळाच्या आतल्या बाजूला आपले नाव आणि वर्ष कोरावे, बाहेरून स्क्रू दिसू द्यावा, नकली रिव्हेट कधीही बसवू नये. स्क्रू ही आमची सही आहे. पण फसवणारे आहेत म्हणून काम करणारेच दोषी, हे मान्य नाही. खोट्या नाण्यांसाठी सोनाराला पकडत नाहीत.

तसेच, प्रत्येक गाडी उघडण्यासारखी नसते. युद्धाआधीची डिंकी, लेस्नीची पहिल्या वर्षांतली धड अंगाची गाडी, मूळ रंगातली निकी यांना करवत लावू नये, असे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. त्या संख्येने थोड्या आहेत आणि त्यांच्यावरचा रंग हाच पुरावा आहे. ज्या तुटल्या आहेत, ज्यांचा रंग मुलांनी खेळून घालवला आहे, ज्यांचे टप उडाले आहे, अशा गाड्या मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगाने पडलेल्या असतात. त्या उचला. संग्राहक त्यांना हात लावत नाहीत, त्यांच्या दृष्टीने त्यांची किंमत शून्य असते. म्हणजे जिथे नुकसान होण्याजोगे काही उरलेच नाही तिथेही आम्ही काम करतो, आणि तरी नासधुशीचा आरोप आमच्यावरच.

वाईट कामही खूप होते, हेही खरे. भडक ज्वाळांचे स्टिकर, गाडीच्या कमानीत न मावणारी चाके, नेलपॉलिशचे घट्ट थर. पण नव्या माणसाचे पहिले काम असेच असते आणि ते तसे होऊ द्यावे. माझी तक्रार आहे ती घाईची. घाईत माणूस रंग उतरवायला कॉस्टिक सोड्यात गाडी टाकतो; जस्ताला कॉस्टिक खाते, हायड्रोजन सुटतो आणि गाडीच्या अंगावर खड्डे पडतात. घासताना उडणारी जस्ताची आणि जुन्या रंगाची धूळ छातीत जाते, म्हणून तोंडाला मास्क हवा, पाण्यातच घासावे, आणि थिनरचे काम बंद खोलीत करू नये. ज्यांना या छंदावर खरेच काही उपयुक्त बोलायचे असेल त्यांनी हे बोलावे.

मोठ्या माणसांनी खेळण्यांत वेळ घालवावा का, या प्रश्नाला मी फार जागा देणार नाही. फिटर, वेल्डर, डेंटिंग-पेंटिंग करणारे, वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहणारे असे अनेक जण या कामात आहेत, आणि दिवसभर मालकाच्या मापाने काम करून रात्री ते स्वतःच्या मापाने करतात. त्यांना हे विचारायचा अधिकार कोणाला नाही.

मला खरा घोर वेगळाच आहे. पद्मिनी गेली. बेस्टची डिझेलवर चालणारी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर एसटीने घेतलेल्या बसांमुळे जिचे नाव पडले, ती ‘एशियाड’ आता नव्या रूपांत विरून गेली. एसटीची ॲल्युमिनियमची बॉडी जाऊन पोलादी बॉडी आली, आणि जुन्या लाल गाड्या लिलावात भंगारात निघतात. परदेशी कंपन्यांच्या यादीत या गाड्या सहसा सापडत नाहीत, कारण त्यांच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. तो त्यांचा दोष नाही. म्हणजे या गाड्या लहान रूपात राहायच्या असतील तर त्या दुसऱ्या गाड्यांची अंगे कापूनच कराव्या लागणार. ब्रिटिश डबलडेकरच्या १:७६ मॉडेलचे छप्पर उतरवून आणि खिडक्या बदलून बेस्टची बस होते. परदेशी ट्रकच्या चॅसीवर पत्र्याची आणि प्लॅस्टिक शीटची बॉडी चढवून एसटी होते. हे होते आहे आणि नीट होते आहे. अडते ते मापांवर. फोटो ढीगभर आहेत, पण त्यांत खिडकीची उंची किती, दोन खिडक्यांतला खांब किती रुंद, मागच्या शिडीला पायऱ्या किती, कॅरिअरच्या पट्ट्यांत अंतर किती, हे कळत नाही.

सीलबंद कार्डांची रास लावणाऱ्यांनी आम्हाला नावे ठेवण्याऐवजी एक काम करावे. जुन्या वस्तूंवर त्यांचे प्रेम आहे, त्यांची नजर बारीक आहे, नोंदी ठेवायची सवय आहे. भंगाराच्या आवारात किंवा आगारात उभी असलेली जुनी गाडी दिसली तर परवानगी घेऊन टेप लावावी, वहीत माप लिहावे, रंगाचा तुकडा मिळाला तर जपावा, आणि ती मापे जो कोणी मागेल त्याला द्यावीत. पुढचे कापणे, जोडणे आणि घासणे आम्ही करू.